रिझ्यूममध्ये रेग्युलेटर ‘चालू आहे का’ असं विचारू नका

आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुमचा स्वतः बनवलेला बोर्ड आहे, त्यावर लिनक्स चालतं आणि आयटूसीला (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसला) एक टच कंट्रोलर (स्पर्श ओळखणारी चिप) जोडलेला आहे. ड्रायव्हर सस्पेंडमध्ये (मशीन झोपताना) कंट्रोलरचा रेग्युलेटर, म्हणजे त्याला ठरावीक व्होल्टेजची वीज देणारा भाग, बंद करतो आणि रिझ्यूममध्ये (उठताना) चालू करतो. पॉवर देऊन मशीन सुरू केलं की सगळं सुरळीत असतं. झोपेतून उठवलं की दहातल्या एकदोन वेळा टच मेलेला असतो आणि आयटूसीकडून उणे १२१ ही चूक परत येते. यावर उपाय म्हणून तुम्ही रिझ्यूममध्ये ‘रेग्युलेटर आधीच चालू असेल तर एनेबल करू नको’ अशी अट घातली. त्यानंतर लॉगमध्ये ‘अनबॅलन्स्ड डिसेबल्स’ (चालू केल्यापेक्षा जास्त वेळा बंद केलं) असा इशारा यायला लागला. आता डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठे जोडलंय हे लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये) रेग्युलेटरला ‘ऑलवेज-ऑन’ (कायम चालू) लावून टाकावं का, असं तुम्ही विचारताय.

ती अट आजच काढून टाका. मूळ दुखणं तिने बरं झालेलं नाही आणि एक नवं दुखणं मात्र जडलंय. ‘ऑलवेज-ऑन’बद्दल खाली सांगतो, कारण त्याचं उत्तर तुमच्या बोर्डवर अवलंबून आहे.

इथे तीन वेगळे प्रश्न एकाच प्रश्नात गुंडाळले गेलेत. माझ्या ड्रायव्हरने वीज मागितली आहे का? तारेवर खरोखर वीज आली आहे का? आणि चिपला मागचं काही आठवतंय का? यातल्या एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरलं की रिझ्यूममध्ये नेमके असे अधूनमधून येणारे, हाताला न लागणारे बग तयार होतात. माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हाच गोंधळ होता.

पहिला प्रश्न घेऊ. लिनक्समध्ये रेग्युलेटरची चौकट २००८ साली, २.६.२७ या आवृत्तीत आली. तिचा पाया हाच आहे की एका रेलवर (रेग्युलेटरमधून निघणाऱ्या विजेच्या तारेवर) अनेक ग्राहक असू शकतात आणि त्यांना एकमेकांची माहिती असायची गरज नाही. त्यामुळे ‘रेग्युलेटर_एनेबल’ या नावाने फसू नका. तो ‘रेल चालू कर’ असा हुकूम नसतो. ‘मला ही रेल हवी आहे’ अशी मागणी तेवढी त्याने नोंदवली जाते. ‘रेग्युलेटर_डिसेबल’ म्हणजे ती मागणी मागे घेणं. रेल प्रत्यक्षात कधी पडणार, तर शेवटचा मागणारा हटला की. याउलट ‘रेग्युलेटर_इज_एनेबल्ड’ हार्डवेअरची अवस्था सांगतं. तुमच्या मागणीशी त्याचा काही संबंध नाही.

आता तुमच्या अटीने काय होतं ते पाहा. समजा हीच रेल डिस्प्लेलाही जाते. रिझ्यूममध्ये डिस्प्ले तुमच्या आधी उठला तर रेल चालू दिसते, तुमची अट म्हणते ‘आहे की चालू’ आणि तुमची मागणी नोंदवलीच जात नाही. टच चालतो, कारण वीज डिस्प्लेच्या जिवावर येतेय. पुढच्या सस्पेंडमध्ये तुम्ही न केलेली मागणी मागे घेता आणि इशारा येतो. उलट तुम्ही आधी उठलात तर काहीच बिघडत नाही. रिझ्यूममध्ये बरीच उपकरणं समांतर उठतात. रेग्युलेटर आधी आणि त्याचा ग्राहक नंतर एवढा क्रम डिव्हाइस लिंकमुळे सांभाळला जातो, पण दोन ग्राहकांमध्ये आधी कोण याची हमी कुणी देत नाही. म्हणून बग कधी दिसतो, कधी दिसत नाही.

जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या जुन्या गाभ्यावर) असाल तर आणखी एक सावधगिरी. तिथे मोजणी रेलगणिक होती, त्यामुळे तुमचं जादा डिसेबल दुसऱ्याची मागणी खाऊन टाकायचं आणि इशारा त्या निरपराध ड्रायव्हरच्या नावावर फुटायचा. अलीकडे प्रत्येक ग्राहकाची वेगळी मोजणीही ठेवली जाते, म्हणून चोर लवकर सापडतो.

तेव्हा नियम साधा ठेवा: सस्पेंडमध्ये जितक्या मागण्या मागे घेतल्या, रिझ्यूममध्ये बरोब्बर तितक्याच नोंदवायच्या, रेलकडे न बघता. हे सोपं वाटतं, पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण रनटाइम पीएम, म्हणजे मशीन जागं असतानाच रिकाम्या उपकरणाची वीज वाचवणं. उपकरण रिकामं असल्यामुळे रनटाइम सस्पेंडने त्याची मागणी आधीच मागे घेतलेली असते. मग पूर्ण मशीन झोपतं आणि तुमचं सिस्टीम सस्पेंड पुन्हा डिसेबल करतं. तुमच्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही असतील तर मी सगळ्यात आधी इथेच बघेन. सिस्टीम सस्पेंड-रिझ्यूमसाठी ‘पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड’ आणि ‘पीएम_रनटाइम_फोर्स_रिझ्यूम’ लावले की वीज हाताळणारा कोड एकाच जागी राहतो आणि हा दुहेरी हिशेब संपतो.

दुसरं ठिकाण अर्धवट फसलेलं सस्पेंड. तुमच्या सस्पेंड फंक्शनने चूक परत केली, तर पीएम कोअर (कर्नलचा झोप-जाग सांभाळणारा भाग) त्या टप्प्यातलं तुमचं रिझ्यूम बोलावत नाही. म्हणजे आधी रेग्युलेटर बंद केला, नंतरच्या एखाद्या पायरीवर अडखळलात आणि चूक परत केली, तर मशीन जागंच राहतं आणि तुमची चिप अंधारात. चूक परत करण्याआधी केलेलं सगळं उलटवणं तुमची जबाबदारी आहे. मी म्हणून रेग्युलेटर बंद करणं ही सस्पेंडची अगदी शेवटची पायरी ठेवतो. त्यानंतर फसू शकेल असं काही उरतच नाही.

तिसरं ठिकाण रिझ्यूममध्ये फसलेलं एनेबल. आयटूसीवरचा पीएमआयसी (अनेक रेग्युलेटर सांभाळणारी वीज-व्यवस्थापनाची चिप) उत्तर देत नाही, एनेबल चूक परत करतं. तुम्ही ती चूक पुढे पाठवलीत तरी सिस्टीमचं उठणं थांबत नाही. लॉगमध्ये एक ओळ पडते आणि गाडी पुढे जाते. पण आता तुमच्याकडे मागणी नाही, आणि पुढच्या सस्पेंडमध्ये तुम्ही ती मागे घेणार. म्हणून ड्रायव्हरच्या स्वतःच्या रचनेत ‘मी मागणी केली आहे’ असा एक झेंडा ठेवा आणि डिसेबल त्यावरून ठरवा. हा झेंडा आणि ‘इज_एनेबल्ड’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झेंडा तुमच्या कृतीची नोंद ठेवतो, ‘इज_एनेबल्ड’मध्ये सगळ्यांच्या कृतींची बेरीज दिसते.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. उणे १२१चा मूळ बग बहुधा इथेच आहे. बऱ्याच आयटूसी ड्रायव्हरमध्ये या चुकीचा अर्थ असतो की चिपने पत्त्यालाच होकार दिला नाही. काही कंट्रोलर त्याच जागी उणे ६ देतात. म्हणजे तुम्ही बोललात तेव्हा चिप ऐकायच्या अवस्थेत नव्हती.

‘एनेबल परत आलं म्हणजे वीज आली’ हे गृहीतक अर्धंच खरं आहे. रेग्युलेटरला वर चढायला किती वेळ लागतो हे कोअरला (रेग्युलेटरच्या चौकटीच्या गाभ्याला) माहीत असेल तर ते तेवढं थांबून मग परत येतं. माहीत कुठून होणार? पीएमआयसीच्या ड्रायव्हरकडून किंवा डिव्हाइस ट्रीमधून. तुमचा रेग्युलेटर जीपीआयओने (प्रोसेसरच्या साध्या पिनेने) चालू-बंद होणारा साधा ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ असेल आणि त्याला ‘स्टार्टअप-डिले-यूएस’ दिलेलं नसेल, तर तो आकडा शून्य धरला जातो. पिन वर गेली की फंक्शन परत. कपॅसिटर भरायला लागणारा वेळ कुणाच्याच हिशेबात नाही. आणि रेल चढल्यावर चिपला स्वतःचं फर्मवेअर चालू करायला वेगळा वेळ लागतो. टच कंट्रोलरच्या बाबतीत तो दहा-वीसच काय, शंभरांहून जास्त मिलिसेकंदही असू शकतो. रेलचा वेळ डिव्हाइस ट्रीमध्ये लिहायचा, चिपचा वेळ ड्रायव्हरमध्ये. दोन्ही मिळून ड्रायव्हरमध्ये एक मोठं थांबणं टाकलं तर या बोर्डवर चालेल, पण रेग्युलेटर बदलला की कोडला हात लावावा लागेल.

पण थांबणं पुरेसं नसण्याचंही एक कारण आहे आणि ते लोकांच्या लक्षात येत नाही, कारण तो चढण्याचा प्रश्न नसून उतरण्याचा आहे. रेलवर १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत आणि बंद झाल्यावर भार फक्त १० किलोओहमचा उरतो असं धरा. काळ-स्थिरांक (रोध गुणिले धारिता) झाला १ सेकंद. ३.३ व्होल्टवरून ०.३ व्होल्टपर्यंत यायला त्याच्या सुमारे २.४ पट वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ अडीच सेकंद. वापरणाऱ्याने झाकण मिटून लगेच उघडलं तर रेल तोवर कुठेतरी मध्येच लोंबकळतेय. चिपचं काम थांबलंय, पण तिचं पॉवर-ऑन रिसेट (वीज आल्यावर तिला नव्याने सुरू करणारी सोय) पुन्हा चालू होण्याइतकं व्होल्टेज खाली गेलेलं नाही. आता पुन्हा ३.३ दिलेत तर ती धड जागीही नसते आणि धड नव्याने सुरूही होत नाही. मग अर्धा सेकंद थांबा नाहीतर पाच सेकंद थांबा, उत्तर येणार नाही.

याला तीन उतारे आहेत. रेग्युलेटरमध्ये डिस्चार्जचा रोध असेल तर तो चालू करा. १०० ओहमने तेच काम सुमारे २४ मिलिसेकंदांत होतं, आणि डिव्हाइस ट्रीत त्यासाठी ‘रेग्युलेटर-ॲक्टिव्ह-डिस्चार्ज’ हा गुणधर्म आहे. ते नसेल तर ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ला ‘ऑफ-ऑन-डिले-यूएस’ द्या. मागच्या वेळी बंद झाल्यापासून तेवढा वेळ गेला नसेल तर उरलेला वेळ कोअर थांबतं. आणि चिपला रिसेट पिन असेल तर या दोन्हींच्या जोडीला ती वापराच. वीज येताना रिसेट दाबून धरा, रेल स्थिर झाली की सोडा. रिसेट पिन बोर्डवर काढलेलीच नसेल तर पुढच्या आवृत्तीत ती काढून घ्या. हे मी मनापासून सांगतोय.

याच जातीचा एक बग मला दोन आठवडे पुरला होता. एका बोर्डवर ध्वनीची चिप झोपेनंतर कधीकधी गप्प व्हायची. रेग्युलेटर बंद आहे असं सॉफ्टवेअर सांगत होतं आणि ते खरंही होतं. तरी रेलवर मीटर लावला तर १.४ व्होल्ट, आणि ते कितीही वेळ वाट पाहिली तरी उतरेनात. वीज येत होती ती आयटूसीच्या तारा वर ओढून धरणाऱ्या पुल-अप रोधांतून. ते रोध दुसऱ्या, कायम चालू असलेल्या रेलला बांधलेले होते. तिथून चिपच्या पिना, पिनांमधले संरक्षक डायोड आणि तिथून चिपची पुरवठ्याची तार. रिसेट पिनही प्रोसेसरकडून वरच धरलेली होती, तिचीही भर. रोध त्याच रेलवर हलवले आणि वीज काढण्याआधी रिसेट खाली ओढायला लागलो, तेव्हा रेल शून्यावर गेली आणि चिप दर वेळी बोलू लागली. तेव्हापासून ‘बंद’ रेलवर किती व्होल्ट उरतात हे मोजल्याशिवाय मी रिझ्यूमच्या कोडला हात लावत नाही.

उलट बाजूही असते. सगळ्या रेल एकदम चढवल्या तर वरचा पुरवठा खाली बसतो. १०० मायक्रोफॅरड १०० मायक्रोसेकंदांत ३.३ व्होल्टपर्यंत भरायचे तर ३.३ ॲम्पिअर लागतात. रिझ्यूममध्ये बरेच ड्रायव्हर जवळजवळ एकाच वेळी मागणी करतात, त्यामुळे एकेकटं तपासताना न दिसलेला खड्डा इथे दिसतो. जाता जाता, ‘रेग्युलेटर_बल्क_एनेबल’ अनेक रेल समांतर चढवतं, यादीतल्या क्रमाने नाही. चिपच्या माहितीपत्रकात ‘आधी ही रेल, मग ती’ असं असेल तर त्या एकेक करून चालू करा.

तिसरा प्रश्न, चिपच्या आठवणीचा. रेल सामायिक असेल तर तुमच्या डिसेबलनंतर वीज गेलीच असं नाही, आणि गेली नसेल तर चिपचे रजिस्टर (तिच्या मांडणीचे आकडे ठेवणाऱ्या जागा) शाबूत आहेत. दोन्ही शक्यता खऱ्या असल्यामुळे सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे वीज गेली असं धरून चालणं: रिसेट द्या आणि सगळं पुन्हा लिहा. टचसाठी मी हेच करीन. जिथे पुन्हा लिहिणं महाग पडतं, उदाहरणार्थ मोठं फर्मवेअर चढवावं लागतं, तिथे रेग्युलेटरच्या सूचना ऐकता येतात. रेल खरोखर बंद झाली तरच ‘डिसेबल’ची घटना येते. ती आली की रेगमॅपचा कॅशे (कर्नलने ठेवलेली रजिस्टरांची नक्कल) ‘डर्टी’ करायचा आणि ती नक्कल चिपमध्ये पुन्हा लिहायला रिझ्यूममध्ये ‘रेगकॅशे_सिंक’ बोलवायचं. ध्वनीच्या कोडेक ड्रायव्हरांमध्ये ही पद्धत नेहमी दिसते.

आठवण फक्त तुमच्या चिपचीच जाते असंही नाही. एसडी कार्ड वेगाने चालताना सिग्नल १.८ व्होल्टवर नेतं. वीज काढून परत दिली की कार्ड ते विसरतं आणि ३.३ पासून सुरुवात करतं. होस्टची (कार्ड चालवणाऱ्या बाजूची) आयओ रेल तेव्हा १.८ वरच राहिली असेल तर दोघांचं बोलणं जुळत नाही. पीएमआयसीचंही तसंच. गाढ झोपेतून उठताना काही पीएमआयसी मूळच्या व्होल्टेजवर परत येतात, पण कर्नलच्या स्मरणात जुनाच आकडा असतो. एखाद्या ग्राहकाने तेच व्होल्टेज पुन्हा मागितलं तर ‘हे तर आधीच दिलंय’ म्हणून कोअर काहीच लिहीत नाही. हे दुरुस्त करण्याची जागा पीएमआयसीच्या ड्रायव्हरचं रिझ्यूम आहे, तुमचा टच ड्रायव्हर नव्हे.

आता ‘ऑलवेज-ऑन’. या गुणधर्माचा अर्थ कर्नल ती रेल कधी बंद करणार नाही, एवढाच. झोपेत प्रोसेसर पीएमआयसीला एका पिनेने इशारा देतो आणि पीएमआयसी स्वतःच्या झोपेच्या मांडणीत जातो. त्या मांडणीत ही रेल बंद असेल तर ‘ऑलवेज-ऑन’ असूनही ती पडते, आणि तुमच्या ड्रायव्हरला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या लेखी काही बंद झालेलंच नाही. झोपेतली अवस्था ठरवायची जागा वेगळी आहे: ‘रेग्युलेटर-स्टेट-मेम’ या नोडखाली ‘रेग्युलेटर-ऑन-इन-सस्पेंड’ किंवा ‘रेग्युलेटर-ऑफ-इन-सस्पेंड’. पीएमआयसीचा ड्रायव्हर ते पाळतो का, हे आधी बघून घ्या. सगळे पाळत नाहीत.

स्पर्शाने मशीन जागं व्हावं असं हवं असेल तर रेल झोपेत चालू ठेवणं भागच आहे. तेव्हा ड्रायव्हरने ‘डिव्हाइस_मे_वेकअप’ विचारावं आणि होकार असेल तर रेग्युलेटरला हात न लावता चिपला फक्त कमी विजेच्या अवस्थेत पाठवावं. तसं काही नको असेल तर हिशेब करा. चिप झोपेत ५ मिलिॲम्पिअर खात असेल तर दिवसाला १२० मिलिॲम्पिअर-तास होतात, म्हणजे ३००० मिलिॲम्पिअर-तासांच्या बॅटरीतले रोज ४ टक्के. उपकरण कायम तारेवर असेल तर हे सोडून द्या. बॅटरीवर असेल तर मला हा सौदा पटत नाही.

शोध कुठून सुरू करायचा तेही सांगतो. अट काढा, वर सांगितलेला झेंडा घाला, मग ‘आरटीसीवेक’ने (मशीन झोपवून ठरल्या वेळी उठवणाऱ्या कमांडने) मशीन आधी २ सेकंद आणि मग ३० सेकंद झोपवा, दोन्ही प्रत्येकी पन्नास वेळा. फक्त छोट्या झोपेनंतर बिघडलं तर संशय न उतरलेल्या रेलवर. दोन्हींनंतर सारखंच बिघडलं तर थांबण्याचा वेळ, रिसेट किंवा पायऱ्यांचा क्रम बघा. मग ‘एस-टू-आयडल’ (हलकी) आणि ‘डीप’ (गाढ) या दोन्ही झोपा करून पाहा. पहिलीत नीट आणि दुसरीत बिघाड असेल तर बोट पीएमआयसी किंवा फर्मवेअरकडे जातं. ‘पीएम_टेस्ट’ या चाचणीच्या फाइलमध्ये ‘डिव्हायसेस’ लिहून झोपवलंत तर मशीन खरं न झोपता फक्त ड्रायव्हर झोपतात आणि ५ सेकंदांनी उठतात. तिथेही बग दिसला तर तो बहुधा ड्रायव्हरांच्या पातळीवरचा आहे. प्रत्येक फेरीनंतर डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलव्यवस्थेतली) ‘रेग्युलेटर_समरी’ वाचा. तुमच्या रेलवर कोण कोण आहे आणि कुणाची किती मागणी आहे, ते तिथे सरळ दिसतं. आकडा दर फेरीला वाढत किंवा घटत असेल तर गळती कुठे आहे ते वेगळं शोधावं लागत नाही.

ऑसिलोस्कोपचे चार प्रोब रेल, रिसेट, आयटूसीचं घड्याळ आणि डेटा यांवर लावा, आणि रेल खाली जाण्याच्या कडेवर ट्रिगर ठेवा. ट्रिगर वर चढण्याच्या कडेवर ठेवू नका, नाहीतर उतरण्याची गोष्ट पडद्याबाहेर राहील. फसलेल्या फेरीत रेल पुन्हा चढण्याआधी किती व्होल्टवर होती आणि रिसेट सुटल्यापासून पहिल्या आयटूसी व्यवहारापर्यंत किती मिलिसेकंद गेले, हे दोन आकडे माहितीपत्रकातल्या आकड्यांशेजारी ठेवून बघा.